मंडळ म्हणजे एकच गळा नव्हे

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात जा, तिथे एक तरी बायकांचं भजनी मंडळ असतंच. देवळाच्या सभामंडपात भिंतीला लावलेली पेटी, खुंटीवर टाळांची पिशवी, कोपऱ्यात कापडात गुंडाळलेला पखवाज. आणि त्या मंडळाचं एक दुखणंही ठरलेलं असतं. लग्नसराई आली की एखादा चांगला गळा सासरी जातो. मुलाला उरण-पनवेलकडे नोकरी लागली की सासूबाई नातवंडं सांभाळायला तिकडे जातात. कुणाचे गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही. कुणाचे मालक जातात आणि ती बाई वर्षभर कुठे बाहेरच पडत नाही. मग उरलेल्या चार-पाच जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "आता कसलं मंडळ नि कसलं काय!"

आमच्याकडेही हे झालं. आमचं मंडळ तसं साधंच. गणपती, नवरात्र, काकडआरती, एखाद्या घरची सत्यनारायणाची पूजा, एवढाच आमचा पसारा. पण मैत्रिणींनो, ज्या बाईला माहेर लांब आणि शिक्षण बेताचं, तिच्यासाठी गुरुवारची ती दोन तासांची बैठक म्हणजे नुसतं भजन नसतं. "मंडळात जाऊन येते" म्हटलं की घरात कुणी अडवत नाही. बचत गटाचे पैसे तिथेच गोळा होतात, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या घरी दारूवरून भांडण झालंय, ते तिथेच कळतं. मी बचत गटांचं आणि आरोग्य शिबिरांचं जे थोडंफार काम करते, त्याची निम्मी माहिती मला या टाळांच्या आवाजातच मिळाली आहे. त्यामुळे मंडळ बंद पडणं म्हणजे एक दार बंद होणं.

गेल्या वर्षी आमची मुख्य गाणारी मुलगी लग्न होऊन गेली. अभंगाला तिचा आवाज लागला की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. पाठोपाठ पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे राहायला गेल्या. थोरल्या वहिनींनी बैठकीत स्पष्टच सांगितलं, "ताई, पेटी-पखवाज विकून टाकू. जे पैसे येतील ते देवळाच्या रंगकामाला देऊ. ती नाही तर हे मंडळ ते मंडळच नाही."

हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. माणसं बदलली की मंडळ तेच राहतं का? आणि मला आठवला तो एका परक्या देशातला, परक्या धर्मातला, परक्या वाद्यांचा एक वाद्यवृंद. नाव मोठं गमतीचं, 'सिक्सपेन्स नन द रिचर'.

सहा पेन्सची गोष्ट

१९९९ साली मी बी.ए.ला होते. तेव्हा केबलवरच्या संगीत वाहिन्यांवर एक इंग्रजी गाणं सारखं लागायचं, 'किस मी'. शीर्षक ऐकूनच आजी टीव्ही बंद करायची! पण गाणं ऐकलंत तर त्यात काही वावगं नाही. शेताची वाट, चांदणं, झाडाला बांधलेला झोका, असं सगळं गोड वर्णन. आवाज तर असा कोवळा, की जणू शाळकरी मुलगी अंगणात गुणगुणते आहे. आता माझी मुलगी तेच गाणं मोबाइलवर ऐकते. हे गाणं गाणारा वाद्यवृंद ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या वाटेने आलेला आहे, हे तिला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

अमेरिकेत ख्रिस्ती रॉक संगीताचं एक वेगळंच जग आहे. चर्चमधली जुनी स्तोत्रं ऑर्गनवर गायची, ही एक रीत. पण १९६०-७०च्या दशकात तिथल्या तरुण मुलांना वाटलं की आपल्या पिढीची वाद्यं गिटार आणि ड्रम ही आहेत, तर देवाचं नाव त्यावर का घेऊ नये? वडीलधारी मंडळी चिडली, "हे सैतानाचं संगीत" म्हणाली. तरी मुलं गात राहिली. हळूहळू त्यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, वेगळी दुकानं झाली, वेगळे पुरस्कार झाले. त्यातही पुन्हा एक आडवाट, 'अल्टरनेटिव्ह रॉक'. म्हणजे बाजारात जे धडाकेबाज चालतं त्यापेक्षा निराळं, जरा स्वतःशी बोलणारं, शंकाही विचारणारं संगीत. आपला हा वाद्यवृंद त्या आडवाटेवरचा.

टेक्सास राज्यात न्यू ब्राउनफेल्स नावाचं गाव आहे. तिथली ली बिंगहॅम ही मुलगी १९७६ साली जन्मली. चर्चच्या एका शिबिरात तिची ओळख मॅट स्लोकम या मुलाशी झाली. तो गिटार वाजवायचा, चेलोही वाजवायचा आणि मुख्य म्हणजे गाणी लिहायचा. ती गायची. १९९२ च्या सुमारास दोघांनी वाद्यवृंद सुरू केला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आपल्याकडे दहावी-अकरावीतली मुलगी!

नाव त्यांनी घेतलं सी. एस. लुईस या लेखकाच्या 'मिअर ख्रिश्चॅनिटी' या पुस्तकातल्या एका दाखल्यावरून. एक लहान मूल वडिलांकडे सहा पेन्स मागतं. कशाला? तर वडिलांनाच वाढदिवसाची भेट आणायला. वडील देतात, मूल भेट आणतं, वडिलांना आनंदही होतो. पण हिशेब केला तर वडील काही एका पैशाने श्रीमंत झालेले नसतात! पैसे त्यांचेच, भेटही त्यांच्याच पैशाची. तसंच माणूस देवाला जे देतो ते देवानेच दिलेलं असतं. हा अर्थ लीने १९९९ मध्ये डेव्हिड लेटरमन यांच्या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात सांगितला होता. आमच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे आपलंच 'तुझे तुला अर्पण' की गं!" किती सहज कळलं त्यांना.

माणसं आली, माणसं गेली

आता खरी गोष्ट. ही मुलं 'आर.ई.एक्स.' नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती कंपनीकडे गेली. १९९४ मध्ये पहिला अल्बम आला. त्याचं नाव 'द फादरलेस अँड द विडो', म्हणजे 'अनाथ आणि विधवा'. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने गायलेल्या अल्बमचं हे नाव! बायबलमध्ये अनाथांची आणि विधवांची काळजी घेणं हाच खरा धर्म असं म्हटलं आहे, त्यावरून ते आलं. ड्रमवर तेव्हा डेल बेकर होता.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी टेस वाइली ही दुसरी मुलगी गिटारला आणि गायला आली, बासवर जे. जे. प्लासेन्सिओ आला. बास म्हणजे चार तारांची जाड आवाजाची गिटार. पखवाजाचा डावा हात जसा सगळं सावरून धरतो तसं तिचं काम. १९९५ च्या या अल्बमला, 'धिस ब्यूटिफुल मेस'ला, पुढल्या वर्षी ख्रिस्ती संगीतातला 'डव्ह' पुरस्कार मिळाला. आता घोडदौड सुरू होणार असं वाटलं. आणि नेमकं तिथेच गाडं अडलं.

कंपनी आर्थिक अडचणीत आली. तुम्ही म्हणाल, कंपनी बुडाली तर गाणाऱ्यांचं काय जातं? तर जातं. या धंद्याची रीत अशी, की कंपनी ध्वनिमुद्रणाचा खर्च करते आणि त्या बदल्यात करार करून घेते. अमुक इतके अल्बम आमच्याकडेच करायचे, दुसरीकडे गायचं नाही. कंपनी धड पैसेही देईना आणि कराराची गाठही सोडीना, असं झालं तर गाणारा मधल्या मधे लटकतो. तो गाऊ शकतो, पण नवा अल्बम काढू शकत नाही. या मुलांचं तसंच झालं. कोर्टकचेरी, वाट बघणं, हातात पैसा नाही. त्याच काळात टेस वाइली निघून गेली. पुढे बासवाला प्लासेन्सिओही गेला आणि त्याच्या जागी जस्टिन केरी आला.

बाई, अशा वेळी किती मंडळं मोडतात! वर्गणी थकली, पेटी गहाण पडली, एक-दोघी रुसून गेल्या की आपण म्हणतो, संपलं. इथे मॅट आणि ली ही दोघं थांबली. पुढे स्टीव्ह टेलर या ख्रिस्ती रॉक गायकाने स्वतःची 'स्क्विंट' नावाची छोटी कंपनी काढली होती, त्याने त्यांना घेतलं. १९९७ च्या अखेरीस तिसरा अल्बम आला. त्याला वेगळं नाव दिलंच नाही, वाद्यवृंदाचंच नाव दिलं. जणू सांगितलं, आम्ही अजून आहोत. त्या अल्बमची सुरुवातीची गाणी ऐकली तर थकवा, चिडचिड, देवाला विचारलेले प्रश्न, सगळं त्यात आहे. आणि त्याच अल्बममध्ये मॅटने लिहिलेलं ते साधं गाणं होतं, 'किस मी'.

गौळण चालते, मग हे का नाही?

१९९८ मध्ये हे गाणं वेगळं काढलं. १९९९ मध्ये 'शीज ऑल दॅट' या तरुणाईच्या सिनेमात ते आलं आणि अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन झालं. भारतातल्या केबलवर, म्हणजे आमच्या घरातल्या लाकडी शटरच्या टीव्हीपर्यंत ते आलं ते याच लाटेवर.

पण घरच्यांनी काय म्हटलं? ख्रिस्ती संगीताच्या जगात कुजबुज झाली. देवाचं नाव घेणाऱ्यांनी चुंबनाचं गाणं गावं? यांना ख्रिस्ती वाद्यवृंद म्हणायचं की नाही? आणि बाहेरचं जग म्हणे, हे तर चर्चवाले, यांचं आपल्याकडे काय काम? दोन्हीकडून हिंपुटी.

मला हे वाचताना आपली बारी आठवली. आपल्याकडे आधी रूपाचा अभंग होतो, मग गौळण, मग गजर, शेवटी भैरवी. गौळणीत काय असतं? वाट अडवणारा कृष्ण, फुटलेली घागर, लाजणारी राधा. तिथे कुणी म्हणतं का, की हे भजन नव्हे? आपल्या संतांनी भक्तीच्या ताटात प्रेमाची वाटी आधीच मांडून ठेवली आहे. तरी आमच्या मंडळात एकदा एका तरुण सुनेने सिनेमाच्या चालीवर देवीचं गाणं बसवलं, तर केवढं रामायण झालं! म्हाताऱ्या म्हणाल्या, "देवळात पिक्चरची गाणी नकोत." तरुण म्हणाल्या, "मग आम्ही येतच नाही." दोन महिने बैठकीला निम्म्याच बायका. भांडण देवाचं नसतं हो, भांडण असतं ते 'हे मंडळ कुणाचं' याचं. आणि ज्या मंडळात नव्या मुलीला तिची एक चाल बसवायला जागा मिळत नाही, त्या मंडळाला पुढली पिढी मिळत नाही.

यशानंतरही या वाद्यवृंदाचं नशीब तेच. 'स्क्विंट' कंपनीही अडचणीत आली आणि पुढचा अल्बम अडकून पडला. 'डिव्हाइन डिस्कंटेंट' बाहेर यायला २००२ साल उजाडलं, तोही दुसऱ्या, मोठ्या कंपनीतून. गाणं जगभर वाजलेलं असताना पुढच्या अल्बमसाठी लोकांना पाच वर्षं थांबावं लागलं. तोवर शॉन केली हा गिटारवाला आणि जेरी डेल मॅकफॅडन हा कीबोर्डवाला सोबत आले होते. नंतर पहिल्या अल्बमपासूनचा ड्रमवाला डेल बेकरही बाहेर पडला. २००४ मध्ये मॅटने जाहीर केलं, आता थांबतो. त्याच वर्षी ली आई झाली. २००६ मध्ये तिने एकटीचा अल्बम केला.

संपलं? नाही. २००७ च्या अखेरीस दोघं पुन्हा एकत्र आली. २००८ मध्ये नाताळच्या गाण्यांचा अल्बम केला, २०१२ मध्ये 'लॉस्ट इन ट्रान्झिशन' आला. मग पुन्हा मोठी शांतता. आणि २०२४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन नवी गाणी, नवे दौरे. सोळा वर्षांची मुलगी आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेली बाई होती, आणि नाव तेच, सहा पेन्सचं!

आपल्या किनाऱ्यावरची वही

हे झालं सातासमुद्रापलीकडचं. पण आपल्या रायगडात अशी गोष्ट नाही का? आहे, आणि त्याहून जुनी आहे.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या माणसांपासून आपला वंश झाला, असं बेने इस्रायली लोक मानतात. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना गावात 'शनवार तेली' म्हणत. आडनावं बघा ना, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, किहीमकर. सगळी आपलीच गावं. या ज्यू मंडळींनी हिंदूंची कीर्तनं ऐकली आणि १८८० मध्ये मुंबईत स्वतःचं कीर्तन सुरू केलं. मराठीतच! पूर्वरंग-उत्तररंगाची रीत आपली, ओव्या-साक्या-आर्या आपल्या, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले नावाजलेले कीर्तनकार. अमेरिकेतल्या पोरांनी रॉकची वाद्यं घेऊन जे केलं, तेच यांनी टाळ-चिपळ्या घेऊन ऐंशी-नव्वद वर्षं आधी केलं होतं. शेजाऱ्याचं भांडं आणायचं, आपला स्वयंपाक करायचा.

त्यांचीही माणसं गेली. १९४८ नंतर इस्रायलला जाणं सुरू झालं आणि अलिबाग, रेवदंडा, पेण इथली घरं रिकामी झाली. अलिबागच्या 'इस्रायल आळी'त आज नाव आहे, सिनेगॉग आहे, पण माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कीर्तन मागे पडलं, पण पार विसरलं गेलं नाही. मराठी गाण्यांच्या वह्या इस्रायलला सोबत गेल्या, आणि त्या जपल्या मुख्यतः बायकांनी. संगीताच्या अभ्यासकांनी तिथे जाऊन या म्हाताऱ्या बायकांकडून मराठी गाणी ऐकली आहेत.

मराठी ख्रिस्ती मंडळींचंही तसंच. कोकणात जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. चर्चमध्ये इंग्रजी चालीवर भाषांतरित स्तोत्रं गाणाऱ्या लोकांना त्यांनी अभंग दिले, भजनं दिली, कीर्तनं दिली. येशूवर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं आणि ते अपुरं ठेवून १९१९ मध्ये ते गेले. पुढे ते कुणी पुरं केलं? लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी! ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्या नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांनी नवऱ्याच्या महाकाव्याचे बहुतेक अध्याय लिहिले. मुख्य गळा गेला म्हणून गाणं थांबलं नाही. मागे बसून ऐकणारी बाई पुढे आली.

आणि कोर्लई? रेवदंड्याच्या पुलावरून पलीकडे गेलं की किल्ल्याच्या पायथ्याशी ते गाव. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले. पण गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीजापासून झालेली आपली वेगळी बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे असतील हजाराच्या आसपास. राज्य गेलं, सैन्य गेलं, पाद्री बदलले, आणि भाषा टिकली, ती घरातल्या बायकांनी मुलांशी तीच बोलली म्हणून. त्या भाषेतली गाणीही अशीच तोंडातून तोंडात आली. भोवताली सगळी मराठी, दुकानात मराठी, शाळेत मराठी, आणि चुलीपाशी ही बोली. पौणेतीनशेहून अधिक वर्षं!

मग टिकतं ते काय?

हे सगळं मी आमच्या बैठकीत सांगितलं. एकदम नाही, दोन-तीन गुरुवार. वहिनींनी विचारलं, "बरं, मग त्या सहा पेन्सवाल्यांचं टिकलं कशामुळे?"

मी म्हटलं, मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, गाणी लिहिणारा मॅट कायम राहिला. म्हणजे मंडळाची वही जिच्या हातात आहे ती माणसाने सोडली नाही. वाजवणारे बदलले, वही बदलली नाही. दुसरी, जाणाऱ्याला जाऊ दिलं आणि येणाऱ्याला जागा दिली. कुणी गेलं म्हणून त्याच्या नावाने खडे फोडत बसले नाहीत. बंद करायची वेळ आली तेव्हा बंदही केलं, आणि परत यावंसं वाटलं तेव्हा लाज न बाळगता परत आले. तिसरी गोष्ट उलट्या बाजूने शिकायची. त्यांची सगळ्यात वाईट वर्षं गाण्यामुळे आली नाहीत, कागदांमुळे आली. करार, कंपनी, पैसा. आपल्या मंडळांची भांडणंही बघा, शंभरातली नव्वद वर्गणीच्या हिशेबावरूनच होतात.

मग आम्ही काय केलं ते सांगते. पेटी विकली नाही. आधी एक जाड वही आणली. ज्या चाली फक्त त्या लग्न होऊन गेलेल्या मुलीला आणि दोन म्हाताऱ्यांना येत होत्या, त्यांचे शब्द लिहून काढले. चाल लिहिता येत नाही, म्हणून मोबाइलवर म्हणून घेतल्या आणि तिघींच्या मोबाइलमध्ये ठेवल्या. एकीचा बिघडला तर दुसरीकडे हव्यात ना! प्रत्येक वाद्याला दोन माणसं तयार करायची असं ठरवलं. पखवाजाला आता एक काकू आणि एक नववीतली मुलगी आहे. मुलीचा हात अजून कच्चा आहे, ताल चुकतो, पण काकू रागवत नाहीत. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचायचा, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. आणि दर बैठकीला एक गाणं तरुण मुलींच्या पसंतीचं, चाल कुठलीही असो, शब्द देवाचे असले म्हणजे झालं.

लग्न होऊन गेलेल्या त्या मुलीला आम्ही फोन केला. सासरी विचारणं अवघड असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आम्ही तिला "परत ये" म्हटलं नाही. फक्त विचारलं, "तिकडे मंडळ आहे का?" म्हणाली, "आहे, पण मी मागे बसते, नवीन आहे ना." वहिनींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "मागे बस, पण कोरस दाबून देऊ नको गं. आणि माहेरपणाला येशील तेव्हा रूपाचा अभंग तुझा. जागा ठेवलीय."

आमचं मंडळ पूर्वीसारखं वाजतं का? नाही. तो आवाज नाही, रस्त्यावरचा माणूस थांबत नाही. कधी कधी अभंग वरच्या पट्टीत चढतो आणि सगळ्यांचाच दम जातो, मग हसू फुटतं. पण गेल्या महिन्यात एक बाई, मालक गेल्यापासून सात महिने घराबाहेर न पडलेली, पहिल्यांदा येऊन बसली. गायली नाही. टाळ हातात घेतले आणि शेवटच्या गजराला वाजवले. मंडळ विकून टाकलं असतं, तर ती कुठे जाऊन बसली असती, सांगा.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात असं एखादं मंडळ मोडायला आलं असेल, तर लगेच पेटीची किंमत विचारायला जाऊ नका. आधी वही शोधा. कुणाच्या ट्रंकेत आहे, कुणाच्या तोंडात आहे ते बघा. जी मागे बसून नुसता कोरस देते, तिला एकदा पुढची जागा देऊन बघा. आणि गेलेल्यांना मोकळ्या मनाने जाऊ द्या, म्हणजे त्यांना परत यायला वाट राहते.